पाखडणं

मॉरीन अ‍ॅक्रॉइड येण्याआधी तिचा फोटो आला.
ज्या हिरव्या कोटात येणार होती तोच कोट अंगात,
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र,
आणि खाली दोन ओळी:
गुरुवारी साडेतीनला येते.
बेल चालेल, की काच वाजवू?

चार वर्षांत अख्ख्या हडर्सफील्डमध्ये
हे कुणी विचारलं नव्हतं.
बेल वाजायची, निषाद जिन्याखालच्या कपाटात शिरायचा,
आलेली माणसं रिकाम्या कार्पेटकडे बघायची
आणि फायलीत लिहायची: सहकार्य नाही.

तिने काच वाजवली, बोटाच्या पेराने, दोनदा.
बूट काढले, न सांगता.
मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते लपवलं नाही.
कपाटापासून हातभर अंतरावर भिंतीला टेकून बसली
आणि गंमत म्हणजे त्याच्याशी बोललीच नाही.
मला म्हणाली, तुम्ही आज जेवलात का?

मी खोटं बोलले. तिला कळलं.

फॉर्म भरायचा होता. छत्तीस पानं.
सगळ्यात वाईट दिवसाचं वर्णन करा.
हे दिवस मी इतक्या वेळा लिहिलेत
की माझं इंग्रजी तेवढ्यापुरतंच सुधारलंय:
चावतो, पळतो, झोपत नाही, धोका कळत नाही.
पोटच्या पोराविरुद्ध आईनेच द्यायची साक्ष,
आणि ती कमी पडली तर मदत नाही.
मॉरीन म्हणाली, लिहावं तर लागेलच. तुम्ही सांगा, मी लिहिते.
मध्ये दोनदा पेन खाली ठेवून
नुसती बसून राहिली माझ्याबरोबर.

हातांचं काय करतो?
रिपोर्टात त्याला लांबलचक शब्द होता,
औषधाच्या बाटलीवर असतो तसा.
मी म्हटलं, पाखडतो.
म्हणजे?
सूप कुठलं इथे! ओव्हनचा ट्रे घेतला,
त्यात मूठभर तांदूळ, आणि दाखवलं:
वर उडवायचं, झेलायचं,
फोल उडून जातं, दाणा राहतो.
तांदूळ कार्पेटभर झाले.
कपाटाचं दार बोटभर उघडलं.

हा शब्द त्याच्याशी बोलताना वापरता?
नाही, म्हटलं. त्याच्यासाठी मराठी बंद आहे.
तीन वर्षांपूर्वीच्या बाई म्हणाल्या होत्या,
एकच भाषा ठेवा, त्याचा गोंधळ होतो.
तेव्हापासून त्याला इंग्रजीत झोपवते, इंग्रजीत रागावते,
आणि राग अर्ध्यातच संपतो, शब्द पुरत नाहीत.
लाड तर जमतच नाहीत.

मॉरीन बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, आमच्यातल्या कुणीतरी
तुम्हाला चुकीचं सांगितलं.
त्याबद्दल मी माफी मागते.

माफी.
फायलीच्या त्या बाजूने आलेली पहिलीच.

त्या रात्री निषादला म्हटलं, अरे गुलामा,
किती मिऱ्या वाटशील माझ्या डोक्यावर?
तो काही म्हणाला नाही. म्हणत नाहीच तो.
हात पाखडत राहिला.
त्याचे बाबा रात्रपाळीहून परतले तरी मी बोलतच होते,
तीन वर्षांचं तुंबलेलं.
थोरली शाल्मली जिन्यात बसून ऐकत होती.
ये म्हटल्यावर आली.
तिलाही बरेच दिवसांत कुणी ये म्हटलं नव्हतं.

मॉरीनच्या अहवालात चौथ्या पानावर,
इंग्रजी अक्षरांत, थोडा चुकलेला: पाखडणं.
शेजारी लिहिलेलं, आई हा शब्द वापरते. आपणही वापरावा.

मार्चमध्ये ती निवृत्त झाली.
तिच्या जागी एक पोरगा आला, कोवळा,
बगलेत नवा कोरा लॅपटॉप.
त्याने बेल वाजवली.

निषाद कपाटात.
मी चिडले नाही. म्हणजे, थोडी चिडले.
मग म्हटलं, बूट काढ.
इथे बस, हातभर अंतर ठेवून.
ते यंत्र नंतर उघड.
आधी एक शब्द शिकवते तुला.
थांब, ट्रे आणते.